उमटलेले चित्र टिकवले कोणी?

१/ छायाचित्रणाचा इतिहास म्हणजे कॅमेऱ्याचा इतिहास, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कॅमेरा छायाचित्राहून कितीतरी जुना. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून प्रकाश आला की भिंतीवर बाहेरील दृश्य उलटे उमटते, याचा अभ्यास अकराव्या शतकात इब्न अल-हैथमने केला होता. पुढे चित्रकार त्याच तत्त्वावरील पेटी रेखाटनासाठी वापरू लागले. खरा प्रश्न होता तो प्रतिमा टिकवण्याचा.

२/ इंग्लंडमध्ये टॉमस वेजवुडने सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर व कातड्यावर पानांच्या आणि कीटकांच्या पंखांच्या आकृती उमटवल्या. १८०२ मध्ये हम्फ्री डेव्हीने हे प्रयोग प्रसिद्ध केले. मात्र प्रकाश न लागलेला चांदीचा क्षार कागदावर तसाच राहत असे. चित्र उजेडात आणले की तोही काळवंडे आणि आकृती पुसली जाई. १८०५ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी वेजवुड निवर्तला.

३/ फ्रान्समध्ये नीसेफोर न्येप्सने डांबराचा लेप दिलेला धातूचा पत्रा वापरला. प्रकाश पडलेले डांबर कठीण होई, उरलेले लव्हेंडरच्या तेलाने धुऊन निघे. १८२६-२७ च्या सुमारास त्याने खिडकीतून टिपलेले दृश्य आजही टिकून आहे. पण त्यासाठी कित्येक तास प्रकाश द्यावा लागला होता.

४/ न्येप्स १८३३ मध्ये वारला. त्याचा भागीदार लुई दागेर याने चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पाऱ्याच्या वाफेने चित्र प्रकट करण्याची रीत सिद्ध केली. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट १८३४ पासून कागदावर प्रयोग करत होता. चित्र स्थिर करण्यासाठी दोघांनीही मिठाच्या पाण्याचा आधार घेतला. टॅल्बटच्या कागदावर तो उपाय अपुराच ठरे.

५/ जानेवारी १८३९ मध्ये दागेरच्या शोधाची घोषणा पॅरिसमध्ये झाली. कृती मात्र गुप्त होती. ही वार्ता इंग्लंडमध्ये जॉन हर्शेलच्या कानी पडली. त्याला स्वतःचेच जुने संशोधन आठवले. ‘हायपो’ या रसायनात चांदीचे क्षार सहज विरघळतात, हे त्याने १८१९ मध्येच नोंदवले होते. काही दिवसांतच त्याने चित्र हायपोत धुऊन पाहिले. न काळवंडलेला क्षार निघून गेला, चित्र राहिले.

६/ टॅल्बटने १८४१ मध्ये आपल्या सुधारित पद्धतीचे पेटंट घेतले. दागेरला फ्रेंच सरकारने निवृत्तिवेतन दिले. हर्शेलने हायपोची युक्ती टॅल्बटला मोकळेपणाने सांगितली व तिच्यावर कोणताही हक्क सांगितला नाही. पुढे दागेरच्या पद्धतीतही हायपो आला आणि फिल्मचे युग संपेपर्यंत स्टुडिओच्या डार्करूममध्ये तो कायम राहिला.

७/ वेजवुडला हवे असलेले उत्तर १८१९ पासून छापील स्वरूपात उपलब्ध होते. परंतु ते रसायनशास्त्राच्या पानांत होते आणि प्रश्न चित्रांचा होता. या दोहोंची गाठ पडायला आणखी वीस वर्षे लागली.