दुभाष्या आणि त्याचें वऱ्हाड

१९५७ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहराजवळच्या बेटिस प्रयोगशाळेंत एक खोकें येऊन दाखल झालें. ही प्रयोगशाळा वेस्टिंगहाऊस कंपनी चालवीत असे, आणि पाणबुडीच्या अणुभट्टीचीं अवजड गणितें तेथें आय. बी. एम. ७०४ या संगणकावर सोडविलीं जात. खोक्यांत भोकें पाडलेलीं सुमारें २,००० कार्डें होतीं. सोबत पत्र नव्हतें, माहितीपुस्तक नव्हतें, वर आंतल्या वस्तूचें नांवहि नव्हतें. तेथल्या मंडळींनीं तर्क बांधला कीं, ज्या फोर्ट्रान कंपायलरचा बोलबाला आपण इतके दिवस ऐकत आहों, तो हाच असला पाहिजे. कार्डांची चळत त्यांनीं यंत्राच्या तोंडीं दिली व तिच्यामागून आपलें एक गणित पाठविलें. यंत्रानें एकच दोष दाखविला: अमक्या विधानांत कंसापुढें स्वल्पविराम राहिला आहे. तो घातल्याबरोबर उत्तरांचीं पानें छापून बाहेर पडूं लागलीं.

कंपायलर बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या घरीं बसविल्याची ही इतिहासांतली अगदीं आरंभींची हकीकत होय. आज एखादी संगणकभाषा शिकूं पाहणारा विद्यार्थी दोन दोन संध्याकाळ खटपट करूनहि जेव्हां तिचा कंपायलर चालूं करूं शकत नाहीं, तेव्हां त्याला या हकीकतीचा हेवाच वाटेल. मधल्या काळांत यंत्रें कल्पनेबाहेर वेगवान् झालीं. मग दुभाष्याला घरांत घेण्याचें काम इतकें बिकट कां होऊन बसलें? या प्रश्नाचें उत्तर इतिहासांतच दडलेलें आहे, आणि तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

कंपायलर म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. संगणकाला शून्य आणि एक या दोन खुणांच्या आज्ञांखेरीज दुसरें कांहींच कळत नाहीं. मनुष्याला त्या खुणांत लिहिणें जिकिरीचें जातें. म्हणून त्यानें स्वतःला सोयीच्या भाषा निर्माण केल्या. या भाषेंतलें लिखाण यंत्राच्या बोलींत उतरविणारा जो दुभाष्या, तोच कंपायलर. तो माणूस नव्हे. तोहि संगणकावर चालणारा एक आज्ञासमूहच असतो. या शेवटच्या वाक्यांतच सर्व अडचणींचें बीज आहे, हें ध्यानांत असूं द्यावें.

कंपायलर हा शब्द ग्रेस हॉपर या विदुषीनें रूढ केला. युनिव्हॅक यंत्रासाठीं १९५२ सालीं तिनें 'ए-शून्य' नांवाची जी व्यवस्था सिद्ध केली, तिचें काम मुख्यतः संकलनाचें होतें. पूर्वीं लिहून ठेविलेले लहान लहान आज्ञासमूह फितीवरून शोधावयाचे, योग्य क्रमानें मांडावयाचे आणि त्यांचें एक अखंड काम करून द्यावयाचें. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच कंपायलर हा दुसऱ्यांनीं रचून ठेविलेल्या सामग्रीवर विसंबून होता. फोर्ट्रानमध्यें ही गोष्ट जाणवली नाहीं याचें कारण एवढेंच कीं, यंत्र आय. बी. एम.चें आणि कंपायलरहि आय. बी. एम.चाच. जॉन बॅकस यांच्या मंडळीनें तो याच एका जातीच्या यंत्रासाठीं बेतला होता. सोयरीक घरच्या घरींच झाली. वधूवरांची गांठ पडण्यास कोणाची अडकाठी नव्हती.

दुभाष्या परमुलखांत हिंडूं लागला तेव्हां मात्र त्याच्यामागचें वऱ्हाड दिसूं लागलें. बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास सी ही भाषा घडविली, आणि ती थोड्याच वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जाऊन पोहोंचली. सी कंपायलर एकटा काम करीत नाहीं. त्याच्या भाषांतराला यंत्राचें अंतिम रूप देणारा असेंब्लर निराळा. सुटे तुकडे एकत्र सांधणारा लिंकर निराळा. अंक छापणें, मजकूर वाचणें अशीं रोजचीं कामें करणारीं तयार संकलनें, म्हणजे लायब्ररी, निराळीं. लग्नाला नवरदेव एकटा आलेला कोणी पाहिला आहे काय? करवली रुसली तरी मुहूर्त टळतो. तद्वत् यांतील एक जरी मागें राहिला तरी कार्य अडून बसतें.

या वऱ्हाडाची व्यवस्था पाहण्यासाठीं १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंतच स्टुअर्ट फेल्डमन यांनीं 'मेक' नांवाचा कारभारी निर्माण केला. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ निर्दोष लिखाणांतली चूक शोधण्यांत गेली होती. दुरुस्ती पूर्वींच झाली होती, पण बदललेला भाग पुन्हां भाषांतरित करावयाचा राहून गेला होता. कोणता भाग कशावर अवलंबून आहे याची यादी दिली कीं, मेक तेवढेंच काम पुन्हां करवून घेतो. मात्र त्या यादींत आज्ञेची ओळ टॅबच्या खुणेनेंच सुरू झाली पाहिजे, नुसती कोरी जागा सोडून चालत नाहीं, असा विचित्र नियम आरंभींच पडून गेला. तो बदलावा असें फेल्डमन यांना वाटलें, तोंवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि त्यांची गैरसोय त्यांना नकोशी वाटली. त्या डझनभर लोकांच्या सोयीसाठीं जगांतले असंख्य विद्यार्थी आजतागायत त्याच ठिकाणीं ठेंचाळत आहेत. एवढ्याशा संकोचाचा पसारा केवढा वाढतो, याचा हा नमुना आहे.

आतां रिचर्ड स्टॉलमन यांची कथा ऐका. कोणासहि वापरतां व बदलतां येईल अशी संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली रचण्याचा संकल्प त्यांनीं १९८३ सालीं जाहीर केला. त्यासाठीं पहिली गरज कंपायलरची. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंतला एक तयार कंपायलर त्यांना मिळाला. त्यांत सी भाषेची सोयहि त्यांनीं करून घेतली; परंतु पुढें असें आढळलें कीं, त्या कंपायलरला काम करतांना कित्येक मेगाबाइट तात्पुरती जागा लागते, आणि त्यांच्याजवळची प्रणाली ६४ किलोबाइटांहून अधिक देण्यास तयार नाहीं! हत्तीला बैलाच्या गोठ्यांत बांधण्यासारखाच हा प्रकार. शेवटीं त्यांनीं नवाच कंपायलर लिहावयास घेतला, व १९८७ च्या मार्चमध्यें जीसीसी या नांवानें तो लोकांच्या हातीं दिला.

जीसीसी सर्वांना मोकळा होता. पण तो सी भाषेंत लिहिलेला होता. म्हणजे सी कंपायलर बसवावयाचा तर हाताशीं आधींच एक सी कंपायलर पाहिजे. बीज आधीं कीं वृक्ष आधीं, हा प्रश्न येथें तत्त्वज्ञानाचा राहिला नाहीं, तो रोजच्या व्यवहाराचा होऊन बसला. १९९२ च्या सुमारास सन कंपनीनें आपल्या सोलारिस प्रणालीबरोबर कंपायलर देणें बंद करून तो निराळा विकावयास काढला, तेव्हां जीसीसीची गरज सर्वांत अधिक भासली, आणि तो रचून घेण्याचें साधन नेमकें त्याच वेळीं नाहींसें झालें. दुसऱ्या कोणीं तयार करून ठेविलेली प्रत मिळवावी, हाच एक मार्ग उरला.

जुना कंपायलर असला तरी रीत सोपी नाहीं. जुन्याकडून नवा रचावयाचा. त्या नव्याकडून पुन्हां तोच नवा. आणि तिसऱ्यांदां पुन्हां एकदां. दुसरी व तिसरी प्रत बिनचूक जुळली तरच काम साधलें असें समजावयाचें. शिवाय २००८ सालापासून जीसीसीला अंकगणिताच्या जीएमपी व एमपीएफआर या दोन लायब्ररींची आवश्यकता उत्पन्न झाली, आणि २०१० मध्यें एमपीसी ही तिसरी तिच्यांत मिळाली. वऱ्हाड वाढतच गेलें.

अगदीं अलीकडची रस्ट ही भाषा घ्या. ग्रेडन होर यांनीं २००६ सालीं ती खासगी उद्योग म्हणून आरंभिली. तिचा पहिला कंपायलर ओकॅमल या दुसऱ्याच भाषेंत लिहिलेला होता. २०११ सालीं रस्टमध्यें लिहिलेला रस्टचा कंपायलर प्रथम स्वतःचें भाषांतर स्वतः करूं लागला. १५ मे २०१५ रोजीं भाषेची पहिली पक्की आवृत्ति निघाली. ती बसविण्यासाठीं रस्टअप हें उत्तम साधनहि करून ठेविलेलें आहे. तरीहि विंडोज वापरणारा विद्यार्थी रस्ट मागतो, तेव्हां बहुधा त्याला प्रथम सी++ भाषेचीं साधनें आणावयास सांगितलें जातें. तो बुचकळ्यांत पडतो: 'मला सी++ शिकावयाचें नाहीं, मग हा भार कशाला?' कारण एवढेंच कीं, रस्ट भाषांतर करते, पण शेवटचें सांधकाम करणारा लिंकर तिला त्या जुन्या घरांतूनच उसना आणावा लागतो. नव्या पिढीच्या नवरदेवामागेंहि जुन्या पिढीचें वऱ्हाड उभेंच आहे.

या साखळीचें शेवटचें टोंक कोठें आहे? केन थॉम्पसन यांनीं ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानांत, १९८३ सालीं, दाखवून दिलें कीं, दुष्ट बुद्धीचा कंपायलर आपला दोष पुढच्या प्रत्येक कंपायलरांत गुपचूप पेरूं शकतो, आणि मूळ लिखाण कितीहि तपासलें तरी तो तेथें दिसणार नाहीं. तेव्हां हें कूळ शोधणें ही नुसती हौस नव्हे. ग्विक्स या मुक्त प्रणालीच्या लोकांनीं २०२३ सालीं ती साखळी मागें मागें नेऊन केवळ ३५७ बाइटांच्या एका बीजापर्यंत आणून भिडविली. एवढें लहान बीज एका माणसाला स्वतःच्या डोळ्यांनीं वाचून पारखतां येतें. बाकीचा सारा वृक्ष पायरीपायरीनें त्यांतूनच उगवतो.

हा इतिहास सांगण्याचा हेतु एकच. शाळेंत आयुष्य घालविल्यानंतर माझें असें मत झालें आहे कीं, विषय कठीण म्हणून जितकीं मुलें तो सोडतात, त्याहून अधिक मुलें उंबरठ्याला ठेंच लागून परत फिरतात, आणि ठेंच लागली याचा दोष स्वतःच्या बुद्धीकडे घेतात. कंपायलर चालूं झाला नाहीं म्हणजे मुलगा म्हणतो, 'हें माझें काम नव्हे.' वास्तविक त्यानें भाषेचें एक अक्षरहि अजून वाचलेलें नसतें. त्याच्या वाटेंत उभी असते ती सत्तर वर्षांची वडिलोपार्जित मांडणी: कोणाच्या संकोचानें राहिलेला नियम, कोणाच्या व्यापारानें तोडलेला दुवा, कोणाच्या सोयीनें जोडलेलें ओझें.

म्हणून, ज्यांच्या घरांत असा विद्यार्थी आहे, त्यांनीं त्याला दोन गोष्टी सांगाव्या. पहिली ही कीं, यंत्र जें मागत आहे तें शांतपणें वाचावें. कोणता वऱ्हाडी यावयाचा राहिला, याचा पत्ता बहुधा त्या तक्रारींतच असतो. दुसरी ही कीं, ही वाट थोडी सोपी करणाऱ्यांची एक निराळी परंपरा आहे. डेव्हिड मॅकेन्झी यांनीं १९९१ मध्यें ऑटोकॉन्फ लिहिलें. त्याच्या साहाय्यानें तयार केलेली योजना परक्या यंत्रावर काय आहे व काय नाहीं हें आपण होऊन पाहूं लागली. १९९३ सालीं निघालेल्या डेबियन मंडळानें पुढें अशी व्यवस्था केली कीं, एक वस्तु मागितली असतां तिचें सारें वऱ्हाड तिच्याबरोबर आपोआप यावें. असें काम करणाऱ्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणालाहि ठाऊक नाहींत. भाषा निर्माण करणारा कीर्ति मिळवितो. परंतु त्या भाषेच्या दारांतला धोंडा बाजूस सारणाऱ्यानें किती मुलांना आंत आणलें, याची मोजदाद इतिहासानें अद्याप केलेली नाहीं.