पीएलसीच्या मेमरी व प्रोसेसर वापराचा अंदाज
प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर (पीएलसी) या औद्योगिक नियंत्रकाची मेमरी व प्रोसेसर नियोजित कामास पुरतील का, याची पूर्वगणना त्याची निवड करताना केली जाते. आयईसी ६११३१-३ मानकानुसार 'रिअल' प्रकारचे एक चल ४ बाइट मेमरी व्यापते. प्रोसेसरचा भार कामाच्या वारंवारतेवर अवलंबून असतो. उदाहरणार्थ, एका पीआयडी लूपला ०.५ मिलिसेकंद लागत असल्यास, दर १०० मिलिसेकंदांनी चालणारे १०० लूप प्रोसेसरचा ५०% वेळ घेतात. तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या राशींसाठी हेच लूप दर सेकंदाला चालवल्यास भार ५% उरतो. कार्यचक्र ठरलेल्या मर्यादेपलीकडे लांबल्यास वॉचडॉग टायमर दोष नोंदवतो आणि नियंत्रक थांबून उत्पादन खंडित होऊ शकते. त्यामुळे संदेशवहन व भावी विस्तारासाठी काही क्षमता राखीव ठेवतात.