वऱ्हाडाचा हँडओव्हर

युद्धातून बाहेर पडलेल्या देशात बाहेरची मंडळी येतात आणि सरकार कसं चालवायचं ते शिकवतात. अफगाणिस्तानात हे वीस वर्षं चाललं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचं सरकार कोसळलं. पण असा प्रयोग आपल्या अमरावती-अकोल्यातही होऊन गेलाय!

तर झालं असं. १८०३ मध्ये आडगावला आणि गाविलगडावर इंग्रजांनी भोसल्यांना हरवलं. देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडे गेलं. पुढे निजामाच्या राज्यात बंदोबस्तासाठी हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा! पगार थकला, कर्ज चढलं. शेवटी १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभारच इंग्रजांनी घेतला. म्हणजे मदतीचं बिल भरता आलं नाही म्हणून घर गेलं.

काम मात्र झालं, हे मान्य करायला हवं. १८६१ पासून शेतनिहाय मोजणी सुरू झाली, सर्व्हे नंबर पडले, सारा तीस वर्षांसाठी ठरला. मक्तेदार म्हणेल तो आकडा, हे संपलं. अमरावती आणि अकोल्याला कचेऱ्या आल्या, रेल्वे आली, कापूस थेट मुंबईला जाऊ लागला.

मग अडलं कुठे? १८६० च्या तहात. उरलेलं पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, पण वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिलं. खर्च वजा जाता उरेल ते निजामाला मिळणार, पण खर्च किती करायचा ते इंग्रज ठरवणार, आणि हिशेब मागायचा हक्क निजामाला नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीम तुमची, पासवर्ड व्हेंडरकडे.

गंमत म्हणजे त्याच काळात, १८६५ मध्ये, दिवाण सालारजंगांनी हैदराबादेत जिल्हाबंदी करून पगारी अधिकारी नेमले. म्हणजे जमत नव्हतं असं नाही. त्यांनी वऱ्हाड परत मागितलं, नकार मिळाला. १९०२ मध्ये तर वर्षाला पंचवीस लाखांवर कायमचा पट्टाच झाला.

म्हणून मला वाटतं, कचेऱ्या किती बांधल्या यावर मदत मोजू नये. हिशेबाची वही कोणाच्या हातात, आणि पाहुणे निघणार कधी, हे आधी लिहून घ्यावं. बाकी सगळं नंतर.