‘टेनंट’ म्हणजे नेमका कोण? कूळ, मुंडकार, भाडेकरू : एक इंग्रजी शब्द आणि त्याचे वेगवेगळे अर्थ

पेडणे किंवा डिचोलीच्या मामलेदार कचेरीत जमिनीच्या दाव्याची तारीख असली, की एक शब्द हमखास कानावर पडतो : टेनंट. वकील बोलतो, कारकून लिहितो, आणि बाकड्यावर बसलेला माणूस मान हलवतो. मान हलवली म्हणजे समजलं असं नव्हे. कारण इंग्रजीत एकच असलेला हा शब्द गोव्यात तीन वेगवेगळ्या कायद्यांच्या दारांत उभा आहे, आणि चुकीच्या दारातून आत गेलेल्याला रिकाम्या हातानं परतावं लागतं.

शब्दाचं मूळ साधं आहे. लॅटिनमधलं ‘धरणे’ या अर्थाचं क्रियापद फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं आणि टेनंट म्हणजे ‘धरणारा’ झाला. जुन्या इंग्लंडात सगळी जमीन राजाची मानली जाई. त्यामुळे राजाकडून जहागीर घेतलेला बडा सरदारसुद्धा टेनंटच. लेफ्टनंट या हुद्द्यातही हाच शब्द लपलेला आहे. दुसऱ्याची जागा धरणारा तो लेफ्टनंट. म्हणजे शब्दात मुळात गरिबी नाही, भाडंही नाही. ते पुढे चिकटलं.

शब्दकोशात टेनंटचे समानार्थी शब्द ओळीनं मिळतात : लेसी, ऑक्युपंट, लॉजर, रेंटर, शेअरक्रॉपर. कोशात ते शेजारी बसतात, कचेरीत मात्र एकमेकांचे वैरी निघतात. ऑक्युपंटचंच बघा. रोजच्या इंग्रजीत ऑक्युपंट म्हणजे जागेत राहणारा कुणीही. पण गोव्याच्या एक-चौदाच्या उताऱ्यात ऑक्युपंटचा रकाना म्हणजे कब्जेदाराचा, व्यवहारात मालकाचाच रकाना. टेनंटचा रकाना वेगळा. महाराष्ट्राच्या सात-बारावर त्यालाच भोगवटादार म्हणतात. ‘आपण घरात राहतो, म्हणजे ऑक्युपंट’ असं समजून उताऱ्यात नाव शोधणाऱ्याला ते सापडत नाही.

आता गोव्यातले तीन टेनंट.

पहिला कूळ. दुसऱ्याची शेतजमीन कसणारा आणि त्याबद्दल खंड किंवा पिकाचा वाटा देणारा. त्याच्यासाठी १९६४ चा कृषी कूळ कायदा आहे. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व त्यात आणलं. २० एप्रिल १९७६ हा तिथला कृषक दिन. त्या दिवशी कसणाऱ्या कुळानं जमीन विकत घेतली असं कायद्यानं मानलं. किंमत ठरवून घेणं आणि दाखला मिळवणं हे काम मात्र उरलं, आणि कित्येक घरांत ते आजोबांपासून नातवापर्यंत उरलेलंच आहे.

मराठीतला ‘कूळ’ हा शब्दही काही सरळ नाही. कूळ म्हणजे वंश. कुळाचार, कुलदैवत त्यातूनच. सावकाराच्या वहीतलं कूळ म्हणजे देणेकरी. आणि भाटकाराच्या शेतातलं कूळ म्हणजे कसणारा. गोव्यातलं कुळागर आणखी निराळं : पोफळी, नारळ, मिरी यांची पाण्याखालची बागायत. कुळागर आहे म्हणून कोणी कूळ ठरत नाही.

दुसरा मुंडकार. हा शब्द इंग्रजीला पेलला नाही, म्हणून कायद्यानं तो जसाच्या तसा उचलला. १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा १२ मार्च १९७६ पासून लागू झाला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, पेडण्याचे सुपुत्र दयानंद बांदोडकर यांची ती जयंती. तेव्हा मुख्यमंत्रिपदी त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर होत्या. भाटकाराच्या संमतीनं त्याच्या जमिनीवरच्या घरात कायम वस्ती करून राहणारा तो मुंडकार. भाटकाराची चाकरी करत असो वा नसो, फरक पडत नाही. पंचायत भागात ३०० चौरस मीटर किंवा घराभोवतीची पाच मीटर जागा, यांपैकी जास्त भरेल ती त्याला विकत घेता येते. पालिका क्षेत्रात हेच माप २०० चौरस मीटर किंवा दोन मीटर असं आहे.

तिसरा भाडेकरू. घराचं किंवा दुकानाचं भाडं भरणारा. त्याच्यासाठी १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा. त्याला घालवणं मालकाला सोपं नाही, पण जागा विकत घेण्याचा मुंडकारासारखा हक्कही त्याला नाही.

खरी गोम इथेच आहे. मुंडकाराच्या व्याख्येतून कायद्यानं काही जण स्पष्ट वगळले आहेत : घरासाठी भाटकाराला भाडं देणारा, पगारी घरगडी किंवा चौकीदार म्हणून आवारात राहणारा, आणि राखणदार म्हणून दुसऱ्याच्या घरात राहणारा. समजा, डिचोली तालुक्यातल्या एखाद्या म्हातारीला उलटतपासणीत विचारलं, ‘तुम्ही भाटकाराला काही देत होता?’ ती सरळ मनानं सांगते, ‘होय तर, भाडं देत होतो.’ तिच्या मनात चतुर्थीला नेलेले नारळ असतात, नाहीतर माडांच्या पाडपाच्या वेळी केलेली मदत. कागदावर मात्र ‘रेंट’ असा शब्द उतरतो, आणि मुंडकाराची टेनंट होऊन बसते. एका शब्दापायी घराखालच्या जमिनीचा हक्क धोक्यात येतो. म्हणून नारळ दिले तर नारळ म्हणावं, काम केलं तर काम म्हणावं, आणि जबानीची नोंद सही करण्याआधी वाचून घ्यावी किंवा आपल्या भाषेत समजावून मागावी.

उलटही घडतं. एकाच माणसाला शेतासाठी कूळ आणि घरासाठी मुंडकार असे दोन्ही हक्क असू शकतात. ‘आम्ही भाटकाराचे टेनंट’ एवढंच म्हणून एकच अर्ज केला, तर दुसरा हक्क तसाच लोंबकळतो. अर्ज दोन, पुरावे दोन, कायदे दोन.

पोर्तुगीजांनी या भाषेत आपले शब्द टाकले ते निराळेच. कोमुनिदाद, आफ्रामेंत, सत्तरीतली अल्वारा जमीन हे आजही दाव्यांत येतात. माडावर चढून सूर काढणाऱ्याला कोकणीत रेंदेर म्हणतात, तो शब्द मक्त्यानं घेणाऱ्याच्या पोर्तुगीज नावावरून आल्याचं मानलं जातं. म्हणजे हाही एक प्रकारचा टेनंटच, झाडाचा.

डिचोलीत ‘लेसी’ या शब्दाला लाल धूळ लागलेली आहे. कोशात लेसी म्हणजे टेनंटच, पण खाणवाल्या लेसीला कूळ म्हणायची कुणाची छाती होणार नाही. पोर्तुगीज काळातली खाण कन्सेशन्स १९८७ च्या कायद्यानं लीज ठरली. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. नंतर लिलाव सुरू झाले, तेव्हा डिचोलीच्या पहिल्या खनिज ब्लॉकमधून आमची घरं, देवळं आणि शेती वगळा, अशी मागणी मुळगाव-शिरगाव भागातून झाली. लीज जमिनीखालच्या खनिजाचं, आणि वर कूळ, मुंडकार, मालक सगळेच.

पेडण्यात ताण वेगळा आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर जमिनीकडे बघायची नजर बदलली. इथे कुळानं एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी : कूळ कायद्यानं मिळालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायला १९९१ च्या जमीन वापर कायद्यानं मनाई आहे. भातशेती बिगर-शेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्यानंही बंधन आणलं. ‘आता मी टेनंट नाही, मालक आहे’ हे खरं, पण हात पूर्ण मोकळे नाहीत.

सीमेपलीकडे तोच शब्द पुन्हा रंग बदलतो. पेडणे अठराव्या शतकापर्यंत सावंतवाडीकरांच्या मुलखात होतं, त्यामुळे तेरेखोलच्या दोन्ही काठांवर बोली जवळची आणि नाती तर एकाच घरातली. कायदे मात्र दोन. सिंधुदुर्गात १९४८ चा मुंबई कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. तिथे लोक ‘३२ ग झाली का, ३२ म मिळालं का’ असं विचारतात. मुंडकार नावाचा वेगळा कायदा तिथे नाही. मालकाच्या जागेवर घर असलेल्या कुळाला त्याच कायद्याच्या १६ आणि १७ या कलमांचा आधार आहे. बेळगाव-खानापुरात १९६१ चा कर्नाटक जमीन सुधारणा कायदा. १ मार्च १९७४ ला कुळांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि कुळांना फॉर्म ७ भरून त्या मागाव्या लागल्या. कन्नडमध्ये या टेनंटला गेणीदार म्हणतात.

त्यामुळे सातार्ड्याला शेत आणि पेडण्यात घर असलेल्या कुटुंबाला ३२ म चा दाखला दाखवून गोव्यात मुंडकार होता येत नाही, आणि गोव्यातली मुंडकार नोंद सावंतवाडीच्या तहसीलदारापुढे चालत नाही.

मराठीत ‘भाडोत्री’ही आहे, पण तो शब्द आता गुंडांसाठी राखीव झाल्यासारखा. ‘बिऱ्हाडकरू’ जुन्या कथांत उरला. ‘पोटकूळ’ आणि ‘पोटभाडेकरू’ अजून जिवंत आहेत. संगणकवाले एका सर्व्हरवरच्या निरनिराळ्या ग्राहक कंपन्यांनाही टेनंट म्हणतात. त्यांना मामलेदाराकडे जावं लागत नाही. आणि इंग्रजी खरेदीखतात ‘टेनंट्स इन कॉमन’ असं दिसलं तर दचकू नये. तिथे कूळही नसतं, भाडेकरूही नसतो, ते सामाईक मालक असतात.

गोव्यात २०१४ च्या दुरुस्तीनं कूळ-मुंडकार दावे दिवाणी न्यायालयांकडे दिले आणि कुळांच्या अर्जांना मुदत घातली, तेव्हा गावोगाव विरोध झाला. पुढे दावे पुन्हा मामलेदारांकडे आले. आज पेडण्यात किंवा डिचोलीत अर्ज करायचा तर आधी एक-चौदाचा उतारा काढून टेनंटच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय ते पाहावं, घराची वेगळी नोंद आहे का ते तपासावं, आणि अर्जाच्या मथळ्यावर नुसतं टेनंट न लिहिता कूळ की मुंडकार हे कायद्याच्या नावासकट लिहावं.