माएबूरच्या पाण्याचा ठाव

विमान प्लेझान्सला उतरतं. तुमच्याबरोबरची बहुतेक माणसं टॅक्सीत बसतात आणि उत्तरेकडच्या हॉटेलांच्या वाटेला लागतात. तुम्ही त्यांच्यामागे जाऊ नका. विमानतळापासून पाव तासाच्या वाटेवर, मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर एक गाव आहे. त्याचं नाव लिहायचं माहेबुर्ग आणि म्हणायचं माएबूर. नाव फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याच्यावरून पडलेलं. पण मराठी कानाला त्यात माहेर ऐकू येतं, आणि ते तसं ऐकू येऊ द्यावं असं मला वाटतं. कारण पुढे कळेलच.

आज सोमवार, म्हणजे माएबूरच्या बाजाराचा दिवस. किनाऱ्याजवळ ताडपत्र्यांखाली भाजी मांडली आहे. तुम्ही कोथिंबिरीकडे बोट दाखवता, बाई म्हणते, ‘कोतोमिली’. कढीपत्त्याला ती ‘कारीपुले’ म्हणते. दोन्ही शब्द तमिळ, मात्र बाई बोलते ती भाषा क्रिओल. फ्रेंचांच्या गुलामांनी आणि मालकांनी मिळून घडवलेली ही बोली आज साऱ्या बेटाची भाषा झाली आहे. शेजारच्या गाडीवर ढोल पुरी मिळते. शिजवलेल्या डाळीचं सारण भरून लाटलेली पातळ पोळी, आत घेवड्याची रस्सा भाजी आणि मिरचीचं लोणचं. तिखटमिठाची पुरणपोळीच म्हणा. एक कोणी मागत नाही, जोडी मागतात. जोडी घ्या आणि पाण्याकडे चला.

पॉइंत दे रेगातवर, जिथे गाव समुद्रात थोडं पुढे येतं, तिथे बसा. उजवीकडे दूर इल ओ एग्रेत हे सपाट, झाडांनी भरलेलं बेट. जवळच मुशुआर रूज, म्हणजे लाल रुमाल. त्याच्यावर लाल छपराचं एकुलतं एक घर. डावीकडे खाडीच्या टोकाशी बसलेल्या सिंहासारखा डोंगर. समोरचं पाणी एका रंगाचं नाही. कुठे हिरवं, कुठे दुधाळ, कुठे एकदम काळपट निळं. आणि अगदी लांब क्षितिजाजवळ पांढरी रेघ, ती न तुटता हलत राहते. तिथे प्रवाळाची भिंत आहे. हिंदी महासागराची लाट तिथे फुटते, आणि तुमच्या पायाशी तिची फक्त थरथर येऊन पोचते.

या भिंतीला मोजक्याच खिंडी आहेत. नदीचं गोडं पाणी आणि तिचा गाळ प्रवाळाला मानवत नाही, म्हणून बऱ्याचदा नदीच्या तोंडासमोर भिंत वाढत नाही आणि वाट उरते. बेटावर जे कोणी आलं ते अशाच वाटांनी आलं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वरून पाणी कितीही गुळगुळीत दिसो, खाली खडप कुठे आहे हे ज्याला ठाऊक तोच होडी आत आणतो. पाण्याचा ठाव म्हणतात तो हा.

पुरी संपवा, हात पुसा, आणि डोळे मिटा.

उघडता तेव्हा सप्टेंबर १५९८ आहे. गाव नाही, रस्ता नाही, धूर नाही. काळ्या आबनुसाचं रान पाण्याला टेकलंय. खिंडीतून डच जहाजं आत येत आहेत. काही दिवसांत हे लोक आपल्या राजपुत्राच्या, मॉरित्सच्या, नावानं बेटाचं नाव ठेवतील. रानातून एक जाडा, उडता न येणारा पक्षी तुमच्याकडे चालत येतो आणि थांबतो. त्याला माणूस म्हणजे काय हे माहीत नाही, म्हणून तो पळत नाही. शंभर वर्षांच्या आत डोडो पृथ्वीवरून गेलेला असेल, आणि आबनूस जहाजांतून युरोपला. डच जाताना एक गोष्ट मागे ठेवून जातील: १६३९ साली जावाहून आणलेला ऊस. त्या उसाची आठवण ठेवा.

आता २३ ऑगस्ट १८१०. संध्याकाळचे पाच वाजून गेलेत. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, अंगाला आग्नेयेचा गार वारा लागतो. तुमच्या पाठीशी जेमतेम पाच वर्षांचं गाव आहे. गव्हर्नर देकाँनं पट्टी लावून आखलेले सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, जे आजही तसेच आहेत. बेटाचं नाव ईल द फ्रान्स. किनाऱ्यावर गर्दी जमली आहे, पण तिच्यातल्या कोण कोणाकडे बघतंय ते नीट पाहा. या बेटावर दर चारांत तिघांहून अधिक माणसं गुलाम आहेत, बरीचशी मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेली. समोर दोन साम्राज्यं भिडणार आहेत, आणि कोणीही जिंकलं तरी सकाळी ही गुलाम माणसं मळ्यावरच जाणार आहेत.

समोर फ्रेंचांची चार जहाजं किनाऱ्यालगत ओळीनं नांगरली आहेत. ‘बेलोन’, ‘मिनर्व्ह’, ‘व्हिक्टर’, आणि चौथं ‘सीलोन’, जे गेल्या महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीकडून हिसकावलेलं आहे. भिंतीकडून इंग्रजांची चार येत आहेत. इंग्रजांनी खिंडीच्या तोंडावरचं इल द ला पास हे बेट दहा दिवसांपूर्वी काबीज केलं आहे. दारच हातात आल्यावर आतल्यांना कोंडून मारायचं, एवढा सोपा बेत. फक्त आतल्या पाण्याची वाट दाखवणाऱ्या खुणा फ्रेंचांनी काढून टाकल्या आहेत. आणि चार इंग्रज जहाजांपैकी या पाण्याचा माहीतगार वाटाड्या आहे एकट्या ‘नेरेईद’वर.

तुम्ही पाहत राहता. ‘नेरेईद’ वळणं घेत नेमकी पुढे येते. तिच्या मागची ‘सिरियस’ भरधाव येते आणि एकाएकी थांबते. तोफेचा आवाज नाही, धूर नाही. पाण्याखालच्या प्रवाळानं तिला धरून ठेवलंय. मग ‘मॅजिसिएन’ही अडकते, तिच्या बहुतेक तोफा भलत्याच दिशेला तोंड करून. ‘इफिजिनिया’ पोचते, पण पुढे उथळ पाणी आडवं येतं. आता ‘नेरेईद’ एकटी उरते, फ्रेंच तोफांच्या पूर्ण ओळीसमोर. अंधार पडतो. प्रत्येक सरबत्तीबरोबर सिंहडोंगर क्षणभर उजळतो आणि विझतो. हे रात्रभर चालतं. सकाळी ‘नेरेईद’वरच्या २८१ जणांपैकी दोनशेहून अधिक मेले तरी आहेत किंवा जखमी. अडकलेली दोन जहाजं इंग्रज स्वतःच्या हातानं पेटवून देतात, आणि काही दिवसांत इल द ला पासही परत फ्रेंचांकडे जातं.

गावाबाहेरच्या एका बंगल्याच्या ओसरीपर्यंत या. घर द रोबियार कुटुंबाचं. आत फ्रेंच सेनापती ड्युपेरे, तोंडावर तोफेच्या छर्‍याची जखम. त्याच छपराखाली इंग्रज कप्तान विलोबी, एक डोळा गमावलेला. काल रात्री एकमेकांना मारायला निघालेल्या दोघांवर एकाच घरात उपचार चालू आहेत. ते घर आजही उभं आहे आणि त्यात राष्ट्रीय संग्रहालय आहे. ‘सिरियस’ आणि ‘मॅजिसिएन’ यांचे अवशेष याच खाडीच्या तळाशी आहेत. पॅरिसच्या विजयकमानीवर ‘ग्रां पोर’ हे या खाडीचं नाव कोरलेलं आहे. विजय मात्र तीन महिनेच टिकला. नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्रज उत्तरेच्या किनाऱ्यावर उतरले, त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातल्या पलटणी होत्या, आणि ३ डिसेंबर १८१० ला बेट त्यांचं झालं. तहात रहिवाशांचे कायदे, चालीरीती, धर्म राखायचं कबूल केलं होतं. म्हणून दीडशे वर्षं इंग्रजांचं राज्य असूनही बाजारातली बाई तुमच्याशी इंग्रजीत बोलली नाही.

डोळे पुन्हा मिटा. या वेळी तोफा नाहीत, रेल्वेची शिटी आहे.

साल १८६७. पोर्ट लुईहून निघालेली गाडी बेट ओलांडून माएबूरला पोचली आहे; हा मार्ग दोनच वर्षांपूर्वी सुरू झाला. स्टेशनात गर्दी आहे, पण लोक येण्यापेक्षा जाण्याच्या तयारीत दिसतात. बेटावर हिवताप पसरलाय. किनाऱ्यावर हजारो माणसं मरत आहेत, आणि ज्यांना परवडतं ते क्यूरपिपच्या उंच, थंड पठारावर घरं करत आहेत. तुम्हाला आजच्या माएबूरमध्ये जी शांतता आवडली, तिचा एक धागा या वर्षापर्यंत येतो.

पण तुम्ही गावात थांबू नका. ला शो नदी ओलांडा आणि उसाच्या वाटेनं आत चला. गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ पासून कायद्यानं संपली, आणि मळेवाल्यांना नवे हात हवे होते. कलकत्ता, मद्रास, मुंबई या तीन बंदरांतून करारावर माणसं आणली गेली. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख. मुंबईचा वाटा त्यात सगळ्यांत लहान, आणि त्यातली बरीच माणसं रत्नागिरीकडची.

सऱ्यांमध्ये ऊसतोड चालली आहे. कोयत्याचा तोच आवाज जो तुम्ही सांगली-कोल्हापूरकडे ऐकला असेल. पाचट अंगाला कापतं. एक म्हातारा बांधावर बसलाय, कमरेला तंबाखूची चंची. तुम्ही मराठीत राम राम म्हणता आणि तो इतक्या झटक्यानं मान वर करतो की तुम्हालाच कसंसं होतं.

‘कंच्या गावचं तुमी, दादा?’

तुम्ही सांगता. मग तो सांगतो. करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये, वर तांदूळ नि डाळ. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापतात. आजारी पडलास तरी. करार संपला म्हणजे सुटलास असंही नाही. याच वर्षीच्या नव्या कायद्यानं जुन्या मजुरालासुद्धा स्वतःचा फोटो चिकटवलेला कागद जवळ ठेवावा लागतो. तो सापडला नाही तर पोलीस धरतात. तो कागद काढून दाखवतो, दोन्ही हातांनी. आधी नंबर, मग नाव. नाव लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी येत नव्हतं. कानाला आलं तसं त्यानं फ्रेंच-इंग्रजी वळणानं लिहिलं. गावाच्या नावाचंही तेच झालं.

‘घरी ठावठिकाना न्हाय माजा कुनाला,’ तो म्हणतो, आणि पुन्हा उसाकडे बघायला लागतो.

तो म्हातारा मी कल्पनेतून उभा केला आहे. त्याच्या कागदावरचं काहीही कल्पनेतलं नाही. अशा माणसांच्या नातवंडांनी पुढे पश्चिमेकडे, नदीकाठी, पठारावर वस्त्या केल्या. भाषा घरात क्षीण झाली, पण कोकणातली जाखडी मॉरिशसचे मराठी आजही ‘झाकरी’ म्हणून नाचतात, आणि गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. रत्नागिरीत जन्मलेला नाच समुद्रापार दीडशे वर्षं जगतो, ही गोष्ट आपल्या शाळेच्या एकाही पुस्तकात मी वाचली नाही. वाचायला मिळायला हवी होती.

शेवटचा मुक्काम. ऑगस्ट २०२०. तुम्ही पुन्हा त्याच धक्क्यावर आहात, पण नाकात डिझेलसारखा उग्र वास भरलाय. २५ जुलैच्या रात्री वाकाशिओ नावाचं तीनशे मीटर लांबीचं जपानी मालकीचं जहाज माएबूरच्या दक्षिणेला पॉइंत देस्नीसमोरच्या प्रवाळभिंतीवर चढलं. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ते किनाऱ्याजवळ आणलं गेलं होतं, असं पुढे चौकशीत निघालं. दोनशे वर्षांपूर्वीच्या ‘सिरियस’जवळ निदान उपग्रहाचा नकाशा नव्हता. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल आतल्या निवांत पाण्यात सुटलं.

किनाऱ्यावर हजारो लोक आहेत. कोणी त्यांना बोलावलं नाही. ट्रॅक्टरमधून पाचट येतंय, तेच उसाचं वाळलेलं पाचट. बायका कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवताहेत, पोरं त्यात पाचट ठासून भरताहेत, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधताहेत. कोळी आपल्या पिरोग होड्यांतून त्या लांबड्या ओढत नेऊन पाण्यावर पसरतात. तेल कुठून वळेल, ओहोटीला कुठे साचेल, हे नकाशा न बघता तेच सांगतात. लोक स्वतःचे केस कापून देताहेत, कारण केस तेल धरतात. तुमच्या हातातही कोणीतरी पिशवीचं टोक देतं. तुम्ही पाचट भरू लागता. हात काळे होतात. शेजारी काम करणाऱ्याचे पणजोबा मोझांबिकचे होते की बिहारचे की संगमेश्वरचे, हे कोणी विचारत नाही.

डोळे उघडा. सोमवार अजून संपलेला नाही. बाजारातल्या ताडपत्र्या सोडायला लागलेत. रेगातच्या टोकावरचा दगडी स्तंभ १८९९ सालचा, त्या लढाईत मेलेल्या फ्रेंच आणि इंग्रज दोघांच्याही नावे उभारलेला. लाटेची पांढरी रेघ होती तिथेच आहे.

इथून तासाभराच्या वाटेवर मोका आहे. तिथल्या महात्मा गांधी संस्थेत करारावर आलेल्या माणसांची नोंदपुस्तकं जपून ठेवली आहेत: नंबर, नाव, वडिलांचं नाव, वय, गाव, पुष्कळांचे फोटोसुद्धा. वंशज तिथे जाऊन आपला माणूस शोधतात आणि त्यांना तो सापडतो. तुमच्या घरात, विशेषतः रत्नागिरीकडच्या घरात, ‘एक जण बोटीनं गेला तो आलाच नाही’ अशी गोष्ट कोणी सांगत असेल, तर त्या माणसाचं आणि त्याच्या बापाचं नाव कागदावर लिहून घ्या. सांगणारी माणसं आहेत तोवरच घ्या. आणि मॉरिशसला गेलात तर एक दिवस समुद्रस्नानातून काढून मोक्याला द्या.