किक्किस

संस्कृत काव्याशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांस ‘त्रिवली’ हा शब्द सांगावयास नको. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गांत कालिदासानें पार्वतीच्या नवयौवनाचें वर्णन करतांना तिच्या उदरावरील तीन वळ्यांस सौंदर्याचें लक्षण म्हणून स्थान दिलें, आणि कवींच्या पिढ्यांनीं तोच संकेत गिरविला. परंतु त्याच उदरावर गर्भारपणांत ज्या रेषा उमटतात व पुढें आयुष्यभर राहतात, त्यांस काव्यांत जागा मिळाल्याचें आमच्या तरी वाचनांत नाहीं. त्यांची नोंद घेतली ती वैद्यांनीं. त्यांनीं त्यांस नांवही दिलें: किक्किस. आज हा शब्द आयुर्वेदाच्या अभ्यासकांबाहेर फारसा कोणास ठाऊक नाहीं. घरोघरीं ‘स्ट्रेच मार्क्स’ हाच शब्द रूढ झाला आहे. नांव बदललें तरी रेषा त्याच आणि त्यांमागची चिंताही तीच. ह्या चिंतेचा इतिहास थोडक्यांत पाहावा असा आमचा विचार आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठव्या अध्यायांत गर्भिणीची महिनेवार परिचर्या सांगितली आहे. सातव्या महिन्यापाशीं आल्यावर ग्रंथकार एका मतभेदाची हकीकत देतो. स्त्रिया म्हणतात कीं, गर्भास केस फुटूं लागतात व त्यामुळें आईस जळजळ होते. भगवान् आत्रेय म्हणतात, तसें नव्हे; गर्भाच्या दाबामुळें वात, पित्त व कफ उरापाशीं येऊन दाह उत्पन्न करतात, दाहापासून कंडू सुटते, आणि कंडूपासून किक्किस होतें. ह्या दोनचार वाक्यांचें मोल आम्हांस फार वाटतें. एक तर स्त्रियांचें मत खोडून काढण्यापूर्वीं तें नोंदलें आहे. आणि दुसरें असें कीं, रेषांचें कारण पापांत, दृष्टींत किंवा ग्रहांत न शोधतां शरीरावर पडणाऱ्या दाबांत शोधलें आहे.

उपायही तपशीलवार आहेत. मधुर औषधींनीं सिद्ध केलेलें लोणी बोरांच्या काढ्याबरोबर वेळोवेळीं द्यावें. स्तनांवर व पोटावर चंदन आणि कमळाचे देठ वाटून चोळावे. कण्हेरीच्या पानांनीं सिद्ध केलेलें तेल लावावें. (कण्हेर विषारी आहे, हे उपाय इतिहास म्हणून वाचावे, घरीं करून पाहूं नयेत.) आणि शेवटीं आज्ञा येते: कंडू सुटली तरी खाजवूं नये, कारण त्यानें त्वचा फुटून विरूपता येते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका गर्भारणीस ‘पोट खाजवूं नको, वण पडतील’ असें आजही बजावतात. ग्रंथांतून ती आज्ञा घरांत आली कीं घरांतून ग्रंथांत गेली, ह्याचा निवाडा करण्याचें कारण नाहीं. पण तिनें काय केलें तें पुढें सांगूं.

पश्चिमेकडे पाहिलें तर हीच चिंता तेथेंही दिसते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीं रोम नगरींत इफिससचा सोरेनस नांवाचा ग्रीक वैद्य होता. स्त्रीरोगांवरील त्याच्या ग्रंथांत, गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोटास पट्ट्याचा आधार द्यावा आणि कच्च्या ऑलिव्हचें तेल चोळावें, म्हणजे कातडी चिवट राहून फाटत नाहीं, असा उपदेश आहे. एकीकडे लोणी व चंदन, दुसरीकडे ऑलिव्ह. जें ज्याच्या हाताशीं होतें तें त्यानें लावलें.

ह्यापुढचें मोठें पाऊल पडलें तें सूक्ष्मदर्शक यंत्र आल्यावर. १८८९ सालीं त्रॉयझिए आणि मेनेत्रिए ह्या फ्रेंच वैद्यांनीं अशा रेषांची सूक्ष्म रचना वर्णिली. आपल्या त्वचेच्या वरच्या पापुद्र्याखालीं एक जाड थर असतो. त्यांत कोलॅजनचे बळकट धागे आणि इलॅस्टिनचे ताणले असतां परत आंखडणारे धागे एकमेकांत विणलेले असतात. रेषा पडते तेथें ही वीण विस्कटलेली असते. वरचा पापुद्रा न फाटतां आंतली वीण तुटते, म्हणून रक्त येत नाहीं. आरंभीं त्या जागीं सूज असते व रक्तवाहिन्या दिसतात, म्हणून रेषा तांबूस किंवा जांभळट असते. पुढें तेथें वण धरतो आणि ती फिकी, रुपेरी होते. ह्या रेषा केवळ आयांसच पडतात असेंही नाहीं. झपाट्यानें उंच होणाऱ्या मुलांच्या पाठीवर व मुलींच्या मांड्यांवर त्या सर्रास दिसतात.

मग नुसता ताणच कारण मानावा काय? तसें असतें तर सारखेंच पोट वाढलेल्या दोन बहिणींपैकीं एकीस रेषा पडून दुसरी कोरी राहती ना. ह्या कोड्यावर प्रकाश पडला तो वेगळ्याच दिशेनें. १९३२ सालीं अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग ह्यांनीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथींतील गांठींविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील रोग्यांची लक्षणें सांगतांना पोटावरील रुंद जांभळ्या रेषांचा उल्लेख आहे. पुढें १९४८ सालीं संधिवातावर कॉर्टिझोन हें औषध प्रथम दिलें गेलें, १९५० सालीं त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या अंगावरही तशाच रेषा दिसूं लागल्या. ह्या वर्गांतील द्रव्यें त्वचेंतील धागे दुर्बळ करतात, हें त्यावरून उमगलें. २०१३ सालीं तर रेषांचा संबंध इलॅस्टिनच्या जनुकाजवळील आनुवंशिक भेदांशीं असल्याचें दाखविण्यांत आलें. सारांश, ताण बाहेरचा, पण तो सोसण्याची शक्ति आंतली व बहुतांशीं जन्मजात.

येथें प्राचीनांस सर्व ठाऊक होतें अशी बढाई मारण्याचा मोह आम्ही आवरतों. आत्रेयांनीं दाब ओळखला ह्याचें श्रेय त्यांचें. परंतु कंडूस त्यांनीं रेषेची जननी मानलें, तेथें ते चुकले. त्वचा ताणली कीं खाजही सुटते आणि रेषाही पडते. दोघी एकाच कारणाच्या लेकी आहेत, एक दुसरीची आई नव्हे. खाजवल्यानें ओरखडा उठेल, रेषा नव्हे. (तळहात व तळपाय रात्रीं फार खाजूं लागले तर मात्र तें यकृताच्या विकाराचें चिन्ह असूं शकतें, तेव्हां विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें.)

तेलांचें काय, असें वाचक भगिनी विचारतील. २०१२ सालीं कॉक्रेन संस्थेनें सहा चाचण्यांतील ८०० स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. कोणतेंही मलम वा तेल रेषा टाळतें असा भरवशाचा पुरावा तींत मिळाला नाहीं. तेल लावावें, त्यानें कोरडेपणा व खाज कमी होते, आणि मायेनें चोळणाऱ्या हाताचेंही सुख असतें. पण त्याहून अधिक त्याजकडून मागूं नये. रेषा तांबूस असतांनाच ट्रेटिनॉइनसारखें औषध कांहीं अंशीं उपयोगी पडतें, मात्र तें गर्भारपणांत मुळींच चालत नाहीं. लेसरनें तांबूसपणा उतरतो, तरी सांवळ्या त्वचेवर त्यानें काळे डाग पडण्याचा धोका असतो. गोरेपणासाठीं स्टेरॉइडयुक्त मलमें फासणाऱ्यांस तर त्या मलमांनींच रेषा पडतात; २०१८ सालीं भारत सरकारनें अशीं कित्येक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली ती उगीच नव्हे. कोणत्याही उपायानें रेषा फिकी होते, पुसली जात नाहीं. आणि फिकी ती काळानेंही होते.

आतां मघांची गोष्ट. आमच्या घरांत एक पुतणी बाळंतपणानंतर फार खिन्न असे. पोटावरील रेषा कोणास दिसूं नयेत म्हणून ती आपल्या आजीपाशींही अंग चोरी. एके दुपारीं वर दिलेली हकीकत आम्हीं तिला वाचून दाखविली. आजी दाराशीं बसून ऐकत होत्या. चार मुलांच्या त्या आई. खाजवण्याचा भाग आला तेव्हां त्या म्हणाल्या, “म्हणजे तें माझ्या खाजवण्यानें झालें नव्हतें?” थोरल्याच्या वेळीं सासूबाईंनीं बजावलें होतें, पण रात्रीं राहवलें नाहीं, आणि तेव्हांपासून साठ वर्षें त्या हा दोष आपल्याच माथीं घेऊन बसल्या होत्या.

चरकानें वैरूप्य टळावें म्हणूनच ती आज्ञा दिली, तींत दुष्टपणा नव्हता. पण एक लहानशी चूक किती घरांत किती काळ अपराध होऊन राहते, हें त्या दुपारीं आम्हांस कळलें. आजींनीं मग पदर सारून नातीस आपल्या पोटावरील रुपेरी रेषा दाखविल्या. नातीनें त्यांवरून बोट फिरविलें आणि विचारलें, “ह्यांतली बाबांची कोणती?”