कोरियन पद्धतीचे धनुष्य : निवड, सराव आणि खबरदारी

पालघर जिल्ह्याला धनुष्य नवे नाही. इथल्या आदिवासी पाड्यांवर बांबूचा तीरकमठा पिढ्यान्पिढ्या वापरात होता आणि वारली चित्रांतही धनुष्यधारी शिकारी दिसतो. अलीकडे मात्र वसई-विरारसारख्या शहरी पट्ट्यात वेगळ्याच धनुष्याविषयी विचारणा होऊ लागली आहे. आकाराने आखूड, टोके पुढे वळलेली, नेम धरण्याची कोणतीही यंत्रणा नसलेले हे पारंपरिक कोरियन पद्धतीचे धनुष्य. स्पर्धेच्या आधुनिक साहित्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते आणि जोडणीची कटकट नसते. पण केवळ किंमत पाहून केलेली खरेदी पुष्कळदा खांदा दुखावून माळ्यावर जाते. म्हणून निवडीचे निकष आधी समजून घेणे हिताचे ठरते.

तीन प्रकारांतील फरक

तिरंदाजीत दक्षिण कोरियाचा दबदबा जगजाहीर आहे. १९८८ ते २०२४ या काळातील प्रत्येक ऑलिंपिकमध्ये महिला सांघिक सुवर्णपदक त्याच देशाने पटकावले. परंतु ही पदके आधुनिक रिकर्व्ह धनुष्याची आहेत. धातूची मूठ, सुट्या भुजा, नेमयंत्र आणि तोल साधणाऱ्या दांड्या असा त्याचा सरंजाम असतो. सातारा जिल्ह्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधव याने टोकियो आणि पॅरिस या दोन ऑलिंपिकमध्ये हेच धनुष्य हाती घेतले होते. २०२३ साली बर्लिन येथे जगज्जेते ठरलेले साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे कंपाउंड प्रकारातील खेळाडू. त्या धनुष्याला चाके असतात.

कोरियाचे पारंपरिक धनुष्य या दोहोंहून निराळे आहे. त्याचे मूळ रूप म्हणजे गाकगुंग. म्हशीचे शिंग, बांबू, तुतीचे लाकूड आणि जनावरांचे स्नायुतंतू माशाच्या वाताशयापासून केलेल्या सरसाने एकमेकांना चिकटवून ते घडवतात. कोरियन सरकारने २०२० मध्ये या पारंपरिक धनुर्विद्येला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. तेथील मैदानांवर आजही १४५ मीटर अंतरावरील लक्ष्यावर प्रत्येक फेरीत पाच बाण सोडले जातात.

स्वस्त म्हणजे कनिष्ठ नव्हे

शिंगाचे धनुष्य महाग असते आणि दमट हवेला ते नाजूक ठरते. ओलाव्याने सरस मऊ पडतो आणि भुजांचा जोर जातो. म्हणून कोरियातही ते उबदार पेटीत जपून ठेवतात आणि पावसाळ्यात फायबरग्लासच्या थरांचे ‘सुधारित’ धनुष्य वापरतात. त्याला तिकडे गेर्यांगगुंग म्हणतात. आकार तोच, ओढण्याची रीत तीच, फक्त साहित्य बदललेले. चार महिने संततधार आणि उरलेले आठ महिने खाडीकाठची दमट हवा सोसणाऱ्या वसई तालुक्यात हेच धनुष्य योग्य होय. नवशिक्याने शिंगाच्या धनुष्याचा मोह धरू नये.

ताण किती असावा?

धनुष्य ओढण्यास लागणारा जोर पाउंडांत मोजतात. एक पाउंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. खरेदीतील सर्वांत मोठी चूक येथेच होते. व्यायामशाळेत पन्नास किलो उचलणारा तरुण पन्नास पाउंडांचे धनुष्य सहज मागवतो. प्रत्यक्षात हा भार पाठीचे आणि खांद्यामागचे लहान स्नायू पेलतात. त्यांना अशा कामाची सवय नसते. मग शरीर वाकते, हात थरथरतो, दोरी घाईने सुटते आणि हीच चुकीची लकब अंगवळणी पडते. प्रौढ नवशिक्यासाठी २५ ते ३० पाउंड पुरेसे आहेत. पूर्ण ओढलेले धनुष्य पाच-सहा सेकंद न थरथरता धरता आले आणि असे लागोपाठ दहा-बारा वेळा जमले, तरच तो ताण आपला समजावा.

धनुष्यावर लिहिलेला आकडा किती इंच ओढीवर मोजला आहे, हे विक्रेत्याला विचारणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य धनुष्यांचा ताण साधारणपणे २८ इंचांवर मोजतात, तर कोरियन धनुष्यांचा बहुधा ३१ इंचांवर. दर इंचामागे दोन ते तीन पाउंडांचा फरक पडतो. म्हणजे ३१ इंचांवर ४० पाउंड असलेले धनुष्य २८ इंचच ओढले, तर हाताला सुमारे ३१ ते ३४ पाउंडच जाणवतात.

स्वतःची ओढ काढण्याची सोपी रीत अशी : दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटांच्या टोकांमधील अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे. १६५ सेंटिमीटरला भागल्यास ६६ सेंटिमीटर, म्हणजे २६ इंच येतात. हा अंदाज हनुवटीपर्यंतच्या ओढीचा असतो. कोरियन पद्धतीत दोरी कानाच्या मागेपर्यंत येते, म्हणून त्यात काही इंच मिळवावे लागतात.

बाण

धनुष्यावर सारा पैसा खर्चून बाणांत काटकसर करणे धोक्याचे असते. बाण ओढीपेक्षा किमान दोन इंच लांब हवा. आखूड बाण मुठीच्या मागे सरकला, तर सुटताना थेट तळहातात घुसू शकतो. बाणाची लवचीकता धनुष्याच्या ताणाशी जुळणारी असावी. फारच हलका बाण वापरल्यास उरलेली शक्ती धनुष्यातच राहते आणि भुजा तडकतात. या धनुष्याला बाण टेकवायला खोबण नसते. बाण हातावरून घासत जातो, म्हणून प्लॅस्टिकच्या पात्यांऐवजी पिसे लावलेले बाण घ्यावेत. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी हलकासा वाकवून तपासावा. त्यातून करकर ऐकू आली, तर तो मोडून फेकून द्यावा.

ओढ आणि सोड

मराठी मुलुखात सर्रास दिसणारी रीत तीन बोटांची. कोरियन पद्धतीत दोरी अंगठ्याने ओढतात. अंगठा दोरीमागे अडकवून तर्जनी त्याच्या नखावर दाबायची, असा हा प्रकार. अंगठ्याला कातडी किंवा शिंगाची अंगठी घालतात. अशाच अंगठ्या मुघल काळातील भारतीय धनुर्धर वापरत, त्यामुळे ही रीत भारताला अगदीच परकी नाही. उजव्या हाताने ओढणाऱ्याने या पद्धतीत बाण धनुष्याच्या उजव्या बाजूस लावायचा असतो. तीन बोटांच्या पद्धतीत तो डावीकडे असतो. दोहोंची सरमिसळ केल्यास बाण खाली पडतो.

पाय खांद्याइतके अंतर ठेवून जवळजवळ लक्ष्याकडे तोंड करून असावेत. हात डोक्याच्या उंचीवर न्यावेत आणि खाली आणता आणता धनुष्य ताणावे. जोर पाठीतून यावा, मनगटातून नव्हे. नेमयंत्र नसल्याने लक्ष्य आणि मूठ यांचे नाते डोळ्याने शिकावे लागते. म्हणून पहिला महिना पाच ते सात मीटरवरच सराव करावा. सुरुवातीला दिवसाला ३० ते ४० बाण पुष्कळ झाले.

बाण न लावता दोरी ताणून सोडणे पूर्ण वर्ज्य आहे. बाणाकडे जायची शक्ती भुजांत उलटते आणि धनुष्य फुटू शकते. दोरी चढवताना भुजा पिळवटल्या जाऊ नयेत, म्हणून प्रारंभी जाणकाराची मदत घ्यावी. सराव संपताच दोरी उतरवावी. उन्हात उभ्या मोटारीत धनुष्य ठेवू नये. पावसाळ्यात मुठीच्या कातड्यावर बुरशी धरते, तेव्हा ते कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर ठेवावे.

सराव कोठे करावा?

वसई पूर्वेच्या वालीवसारख्या भागात हाच प्रश्न सर्वांत कठीण आहे. औद्योगिक गाळे, त्यांना लागून चाळी आणि दिवसभर वाहनांची ये-जा. तिरपा सोडलेला बाण सहज दीडशे मीटर जातो आणि तो परत बोलावता येत नाही. म्हणून गच्ची, मोकळा भूखंड किंवा रस्त्याकडेची जागा यांचा विचारच करू नये. मालकाच्या परवानगीने सुटीच्या दिवशी एखादा लांब, बंद गाळा मिळाल्यास कमी अंतराचा सराव होऊ शकतो. लक्ष्यामागे दाट फोमचे दाबून बसवलेले थर आणि त्यामागे भिंत असावी. दार आतून बंद असावे आणि बाण काढायला सर्वांनी एकाच वेळी पुढे जावे.

महामार्गापलीकडे तुंगारेश्वरचे रान दिसते, म्हणून तिकडे धनुष्य नेण्याचा विचार कोणाच्याही मनात येईल. पण ते अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाणाचाही स्पष्ट समावेश केला आहे आणि लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेण्यास मनाई आहे. शिकारीचा हेतू नव्हता, ही सबब तेथे उपयोगी पडत नाही.

स्पर्धेची इच्छा असेल तर

पारंपरिक कोरियन धनुष्यावर ऑलिंपिकची वाट धरता येत नाही. मुलाला स्पर्धेत उतरवायचे असेल, तर देशांतर्गत स्पर्धांतील ‘इंडियन राउंड’ हा प्रकार पालकांनी जाणून घ्यावा. त्यात बांबूच्या किंवा लाकडाच्या साध्या धनुष्याने ३० आणि ५० मीटरवर नेम साधतात. महागडे साहित्य न परवडणाऱ्या अनेक घरांतील मुलांसाठी खेळाचे दार याच प्रकाराने उघडते. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात करणे आणि ताण हळूहळू वाढवणे, हा त्यांच्यासाठी कमी खर्चाचा व सुरक्षित मार्ग आहे. केवळ छंद म्हणून धनुष्य हाती घेणाऱ्या प्रौढांनी मात्र खरेदीपूर्वी दोन गोष्टी निश्चित कराव्यात : आपल्याला पेलणारा ताण आणि सरावाची बंदिस्त जागा. यांपैकी एकही नक्की झाली नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी.